शिंग, शृंग आणि शिंगांवरून पडलेलीं नांवें

कुणब्याच्या दावणीस जें जनावर बांधलेलें असतें त्याची ओळख रंगावरून जितकी होते, तितकीच किंबहुना अधिक शिंगांवरून होते. एका कळपांत दहा बैल पांढरे असूं शकतात. परंतु दहाही बैलांचीं शिंगें एकाच वळणाचीं सहसा सांपडत नाहींत. म्हणून पंचनामा असो, कोंडवाड्याची नोंद असो, कीं बाजारांतील खरेदीचा दाखला असो, जनावराच्या वर्णनांत शिंगांचा उल्लेख ठेवण्याची चाल पडली. पेशवाईच्या कागदांत गुरांवरील एका करास शिंगशिंगोटी असें नांव आढळतें. म्हणजे त्या काळचें दफ्तरही गुरांकडे शिंगांवरूनच पाही, असें म्हणावयास हरकत नाहीं.

शिंगांवरून केवळ वर्णन होतें असें नाहीं, तर नांवेंही पडतात. आमच्या मतें असें प्रत्येक नांव म्हणजे एका शब्दांत लिहिलेलें वर्णनच होय. तें वाचतां आलें तर जनावर ओळखतां येतें. परंतु नांव आकार सांगतें, वस्तूचा गुण सांगतेंच असें नाहीं. एकाच शिंग या शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न वस्तु येतात, आणि त्यांतील भेद न जाणल्यामुळें शेतकऱ्यावर फौजदारीचा प्रसंग येऊं शकतो. तो कसा, हें योग्य ठिकाणीं सांगूं. प्रथम शब्दाचा विचार करूं.

शब्दाचें कूळ

शिंग हा शब्द संस्कृत शृंग या शब्दापासून आला आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मतें शृंग व शिर हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले. लॅटिनमधील कोर्नु, ग्रीक भाषेंतील केरास आणि इंग्रजींतील हॉर्न हे त्याच मुळाचे दूरचे भाऊबंद होत. डोक्यावर जें उगवतें तें शिंग, इतका साधा अर्थ या सर्व शब्दांच्या बुडाशीं आहे. रोमन लोकांनीं तर हरणासच त्या मुळावरून केर्वुस, म्हणजे शिंगाळा प्राणी, असें नांव दिलें.

आपल्याकडील रीत थोडी निराळी आहे. हरिण हा शब्द त्या प्राण्याच्या पिंवळट तांबूस रंगावरून पडला. अंगावर ठिपके म्हणून चितळ, नराचें अंग काळें म्हणून काळवीट. एकंदरींत रानांतील प्राण्यास रंगावरून नांव द्यावें, आणि शिंगांत कांहीं विशेष दिसलें तरच शिंगांवरून द्यावें, असा आपल्या पूर्वजांचा शिरस्ता दिसतो.

शृंग शब्द डोंगराच्या माथ्यासही लागला. नाशिक जिल्ह्यांतील सप्तशृंगी हें नांव सात शिखरांवरून आहे, हें सर्वांस ठाऊकच आहे. रामायणांतील ऋष्यशृंग मुनींच्या नांवाचा अर्थ काळविटासारखें शिंग असलेला असा आहे. अंग देशांत अवर्षण पडलें असतां रोमपाद राजानें त्यांस आपल्या राज्यांत आणविलें व त्यांच्या पायगुणानें पर्जन्य झाला, अशी कथा आहे. कर्नाटकांतील शृंगेरी या क्षेत्राचें नांवही परंपरेनें त्यांच्याशींच जोडतात.

टोंकदार वस्तूंचीं निरनिराळीं नांवें

मराठींत टोंकदार वस्तूंस शब्दांचा तुटवडा नाहीं, आणि प्रत्येक शब्दाचें ठिकाण ठरलेलें आहे. टोंक हा सर्वसामान्य शब्द. अणी ही बारीक व टोंचणारी. ती भाल्याची किंवा पराणीची. कांटा बाभळीचा किंवा साळिंदराचा, नांगी विंचवाची, सुळका डोंगराचा, आणि सुळा तोंडांतला. हत्तीचे व रानडुकराचे सुळे हे दांतच होत. संस्कृतांत विषाण हा एकच शब्द शिंग व हत्तीचा सुळा या दोहोंसही चाले. मराठीनें मात्र तोंडांतला तो सुळा व डोक्यावरचें तें शिंग असा चोख निवाडा केला आहे.

या निवाड्यास एक अपवाद गेंड्याचा. त्याचें शिंग डोक्यावर नसून नाकावर असतें, व आंत हाड मुळींच नसतें. नख ज्या द्रव्याचें असतें त्याच द्रव्याचें तें भरीव बनलेलें असतें. संस्कृतांत गेंड्यास खड्ग म्हणजे तरवार असें म्हणत. हत्यारावरून हत्यार बाळगणाऱ्याचें नांव पडावें, तशांतला हा प्रकार. आपल्या देशांत हा एकशिंगी गेंडा आतां मुख्यतः आसामांत, विशेषतः काझीरंगाच्या रानांत, राहिला आहे.

शिंगासारखें दिसतें म्हणून शिंग

कित्येक नांवें केवळ सादृश्यावरून पडलीं आहेत. तळ्यांत पिकणाऱ्या शिंगाड्याच्या फळास दोन बाजूंस दोन टोंकें असतात; वाळलेलें फळ हातांत घेऊन पाहिल्यास बैलाचें तोंड डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याचें संस्कृत नांव शृंगाटक. भंडारा-गोंदियाकडील तलावांत हें पीक घेतात. रानांतील मेढशिंगीच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वांकलेल्या असतात, म्हणून तें नांव. औषधांच्या दुकानांत मिळणारी काकडशिंगी ही शेंगही नव्हे व फळही नव्हे. किड्यांच्या उपद्रवामुळें झाडावर ज्या पोकळ, शिंगाच्या आकाराच्या गांठी येतात त्याच काकडशिंगी या नांवानें विकतात. कोंकण किनाऱ्यावरील शिंगाळा मासा शिंगें बाळगीत नाहीं. त्याच्या परांस टणक कांटे असतात व ते हातांत घुसले म्हणजे कोळ्यास चांगलीच आठवण राहते.

परंतु शिंग हीं अक्षरें दिसलीं कीं तेथें शिंग असलेंच पाहिजे, असें समजूं नये. आल्यास संस्कृतांत शृंगवेर म्हणतात. आल्याचा गड्डा शिंगासारखा फुटतो म्हणून हें नांव, असा अर्थ पुष्कळ दिवस लावीत आले. परंतु तमिळ व मल्याळम भाषांत आल्यास इंजि म्हणतात व वेर म्हणजे मूळ. तोच दक्षिणेकडील शब्द उत्तरेंत जातां जातां शृंगाचा वेष धारण करून बसला असावा, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. हाच शब्द पुढें ग्रीक व लॅटिन भाषांतून फिरत इंग्रजींत जिंजर झाला. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या कपाळीं बाशिंग बांधतात, तेथें तर शिंग अगदीं जवळ असतें. पण त्या शब्दाचे सोयरे कानडी व तेलुगू भाषांत आहेत, आणि तें नवरदेवाच्या कपाळींही असतें. शिखर शिंगणापूरचें नांवही शिंगावरून नसून यादव राजा सिंघण याच्या नांवावरून पडलें, असें सांगतात. तात्पर्य, नांवावरून अनुमान करावें, पण वस्तु डोळ्यांनीं पाहून मग तें पक्कें करावें.

गोठ्यांतील जनावरें

आपल्या गुरांच्या जातींचीं नांवें पाहिलीं तर तीं निरनिराळ्या कारणांनीं पडलेलीं दिसतात. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. तेव्हां खिल्लारी बैलाचें नांव कळपावरून आलें. डांगी हें डांग प्रदेशावरून, देवणी हें देवणी गांवावरून, पंढरपुरी व नागपुरी म्हशींचीं नांवें त्या त्या मुलखावरून, आणि लाल कंधारींत रंग व गांव दोन्ही आलीं. शिंगावरून जिचें नांव पडलें अशी प्रसिद्ध जात म्हणजे हरियाणाकडील मुऱ्हा म्हैस. मुऱ्हा म्हणजे वळलेली, मुरडलेली. हिचीं शिंगें आंखूड असून जिलबीसारखीं घट्ट वळलेलीं असतात. मुऱ्हा म्हणून विकावयास आणलेल्या म्हशीचीं शिंगें सैल व पसरट असतील तर तिच्यांत दुसऱ्या जातीचें रक्त मिसळलें असावें असा संशय घ्यावयास जागा आहे. येथें नांवच गिऱ्हाइकास सावध करतें.

ज्या जातींचें नांव शिंगावरून नाहीं त्यांचीही ओळख शिंगावरून पटते. पंढरपुरी म्हशीचीं शिंगें तरवारीसारखीं लांब असून खांद्याच्याही पलीकडे मागें जातात. नागपुरी म्हशीचींही लांब, चपटीं व मागें वळलेलीं असतात. जाफराबादी म्हशीचीं शिंगें जड असून मानेच्या दोहों बाजूंस खालीं लोंबतात व टोंकाशीं वर वळतात. सुरती म्हशीचीं विळ्यासारखीं असतात. खिल्लारी बैलाचीं शिंगें बुडाशीं एकमेकांजवळ निघून प्रथम मागें जातात व मग धनुष्यासारखा बांक घेऊन वर चढतात, टोंकें अणकुचीदार. गीर गाईचीं खालीं व मागें जाऊन पुन्हां वर येतात. गवळाऊ जातीचीं शिंगें त्या मानानें आंखूड व बोथट असतात.

खेड्यांतील बोलण्यांत याहूनही बारीक भेद करतात. ज्यास शिंगेंच नाहींत तो भुंडा. ज्याचीं शिंगें एकमेकांकडे वळलेलीं तो आवळशिंगी. म्हशीचीं शिंगें म्हशीस जड होत नाहींत, शिंगें मोडून वासरांत शिरूं नये, अशा म्हणी याच निरीक्षणांतून निघाल्या आहेत.

रानांतील जनावरें

रानांत शिंगांच्या संख्येवरून पडलेलीं दोन नांवें प्रसिद्ध आहेत, चौशिंगा व बारशिंगा. दोहोंची घडण सारखी दिसते, परंतु मोजणी मात्र सर्वस्वीं निराळी आहे.

चौशिंग्याच्या नरास खरोखरच चार शिंगें असतात: दोन कानांच्या मध्यें व दोन कपाळावर. मागलीं दोन तीन ते चार इंच, पुढलीं दोन इंच-दीड इंच, आणि कित्येकांचीं पुढलीं नुसत्या उंचवट्यासारखीं असतात. मादीस शिंगें नसतात. हा लहान प्राणी भारत व नेपाळ यांवांचून इतरत्र रानांत आढळत नाहीं. त्याच्या शास्त्रीय नांवांतील पहिला शब्द ग्रीक व दुसरा लॅटिन असून दोहोंचाही अर्थ चार शिंगांचा असाच आहे. म्हणजे आपल्या गांवकऱ्यानें एकदां सांगितलेली गोष्ट शास्त्रज्ञांनीं दोनदां सांगितली.

बारशिंग्यास मात्र बारा शिंगें नसतात. शिंगें दोनच, त्यांस फुटलेल्या टोंकांची संख्या बारा धरली आहे. तीही नेमकी बारा असतेच असें नाहीं. पुरत्या वाढलेल्या नरास बहुधा दहा ते चौदा टोंकें असतात, क्वचित् अधिकही. सांबराच्या व चितळाच्या शिंगांस दर बाजूस तीन तीन टोंकें असतात, म्हणून भरपूर शिंगें दिसलीं कीं सांबरास बारशिंगा म्हणणें चुकीचें आहे. खरा बारशिंगा मध्य प्रदेशांतील कान्हाच्या गवताळ रानांत टिकून राहिला. तेथें १९७० सालीं त्यांची संख्या ६६ पर्यंत खालीं आली होती. पुढें रानाची राखण नीट झाली म्हणून ती वाढली.

एक शब्द, दोन वस्तु

आतां मुख्य मुद्यावर येऊं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, गवा, काळवीट व चौशिंगा यांचीं शिंगें एका प्रकारचीं. सांबर, चितळ, भेकर व बारशिंगा यांचीं दुसऱ्या प्रकारचीं. मराठींत दोहोंसही शिंगच म्हणतात. सोयीसाठीं दुसऱ्या प्रकारास आपण मृगशृंग म्हणूं.

खरें शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेलें नखासारख्या द्रव्याचें कवच होय. तें जन्मभर वाढतें, त्यास फांटे फुटत नाहींत, व तें आपण होऊन गळत नाहीं. मृगशृंग हें भरीव हाड असतें. वाढत असतां त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते व तींतून रक्त खेळतें. वाढ पुरी झाली म्हणजे कातडी वाळते, नर तीं शिंगें झाडांवर घासून मोकळीं करतो, आणि माजाचा हंगाम आटोपल्यावर कांहीं काळानें तीं बुडापासून गळून पडतात. पुढें नवीं येतात. आपल्याकडील या जातींत मृगशृंगें फक्त नरासच असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: फांटे असलेलें, भरीव व बुडाशीं खडबडीत चकती असलेलें तें मृगशृंग, फांटे नसलेलें व आंतून पोकळ कवच तें खरें शिंग. मात्र भेकराचें मृगशृंग आंखूड असून त्यास फांटाही लहानच असतो, हें ध्यानांत ठेवावें.

मृगशृंग आपोआप गळतें, यांतच फसगतीचें मूळ आहे. रानालगतच्या शेतकऱ्यास बांधावर किंवा ओढ्यांत सांबराचें शिंग पडलेलें मिळतें. पुष्कळशीं साळिंदरें कुरतडून खातात. परंतु एखादें धड सांपडतें. पूर्वीं तें घरीं आणून भिंतींत खुंटीसारखें बसवीत, किंवा मुलांच्या छातीस उगाळून लावीत. आपण जनावर मारलें नाहीं, पडलेली वस्तु उचलली, यांत गुन्हा कसला, असें सरळ मनाच्या मनुष्यास वाटतें. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत वन्य प्राण्याच्या शिंगांबरोबर मृगशृंगांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अशी वस्तु सरकारी मालमत्ता ठरते. ती कोणत्याही रीतीनें ज्याच्या ताब्यांत येईल त्यानें ४८ तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास अगर अधिकृत अधिकाऱ्यास वर्दी द्यावी व मागितल्यास ती हवालीं करावी, असा दंडक आहे. न दिल्यास कारावास व दंड यांची तरतूद आहे.

यासाठीं आमची शेतकरी बंधूंस अशी सूचना आहे कीं, असें शिंग दिसल्यास तें उचलूंच नये. वनरक्षकास जागा दाखवावी. चुकून घरीं आणलें गेलें असेल तर मुदतींत लेखी वर्दी द्यावी व तिची पोंच आपल्याजवळ ठेवावी. तोंडी सांगितलेलें पुढें कोणास आठवत नाहीं. कागद मात्र बोलतो. ज्यांच्या घरीं वाडवडिलांच्या वेळचें सांबरशिंग असेल त्यांनीं त्याचें मालकीचें प्रमाणपत्र आहे कीं नाहीं हें पाहून वनखात्याच्या कचेरींत विचारपूस करावी. तें विकण्याच्या भरीस कोणीही पडूं नये. आपल्या मेलेल्या बैलाच्या शिंगास हा कायदा लागत नाहीं. तें शिंग निराळें, हें निराळें. शब्द एक असला तरी कायदा वस्तु पाहतो.

शिंगाची निगा

गाईबैलांचें शिंग वरून निर्जीव दिसतें, पण आंतला गाभा जिवंत आहे. जनावर मोठें झालें म्हणजे हा गाभा पोकळ होतो व ती पोकळी कपाळांतील पोकळीशीं जोडली जाते. म्हणून शिंग मुळाशीं मोडलें तर त्याच बाजूच्या नाकपुडींतून रक्त येतें, व जखमेंत घाण गेली तर कपाळांत पू होतो. पोळ्यास शिंगें साळतांना केवळ वरचें कवच गुळगुळीत करावें; हौसेखातर खोल तासूं नये. शेंब्या घालाव्या, रंग द्यावा, यास आमचा विरोध नाहीं.

लांब शिंगांच्या बैलांत शिंगाचा कर्करोग आपल्या देशांत बराच आढळतो. बैल वारंवार डोकें झटकतो, शिंग खांबास घासतो, एका नाकपुडींतून रक्तमिश्रित पाणी येतें, व पुढें शिंग बुडाशीं मऊ होऊन एका बाजूस झुकतें. हीं चिन्हें दिसतांच गुरांच्या डॉक्टरांस दाखवावें. लवकर शस्त्रक्रिया करून शिंग काढलें तर पुष्कळदां बैल वांचतो. शिंग लोंबूं लागेपर्यंत थांबल्यास उपाय कठीण होतो. ज्यांस शिंगें ठेवावयाचींच नाहींत त्यांनीं वासरूं दोन-तीन आठवड्यांचें असतांनाच डॉक्टरांकडून, भूल देऊन, शिंगाचा कोंब डागून घ्यावा. मोठ्या जनावराचीं शिंगें कापणें हें त्यास फार क्लेशकारक आहे.

गाईच्या शिंगावर बुडाशीं जीं कडीं दिसतात त्यांवरून वयाचा अंदाज करतात. सामान्यतः दर वेतागणिक एक कडें पडतें. कडीं मोजून त्यांत दोन मिळवले म्हणजे अदमासें वर्षें येतात. परंतु कानस फिरवून कडीं नाहींशीं करणारे व्यापारी बाजारांत असतात. करितां कड्यांवर भिस्त न ठेवतां दांत पहावेत.

नोंद कशी ठेवावी

अलीकडे गुरांच्या कानांत बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात, हें उत्तम आहे. तरी कान फाटून बिल्ला पडतो, आणि चोर तो कापूनही टाकतो. अशा वेळीं मालकाजवळ जनावराचें लेखी वर्णन व छायाचित्र असलें तर हक्क शाबीत करणें सोपें जातें. वर्णनांत जात व रंग यांबरोबर शिंगांची लांबी, तीं कोणीकडे वळलीं आहेत, दोहोंत कांहीं फरक आहे काय, टोंक मोडलें आहे काय, इतकें तरी लिहावें. “बैल पांढरा, शिंगें बरीं” असें मोघम लिहिलेलें वर्णन दहा बैलांस लागूं पडतें, म्हणजे कोणासच लागूं पडत नाहीं. “उजवें शिंग डाव्याहून दोन बोटें आंखूड, टोंक पुढें वळलेलें” असें लिहिलेलें वर्णन एकाच बैलास लागूं पडतें, आणि तोच आपला.

चौशिंगा हें नांव ज्या कोणीं प्रथम दिलें त्यानें हेंच केलें होतें: नीट पाहिलें, मोजलें आणि थोडक्या शब्दांत सांगितलें. आपल्या दावणीच्या जनावरांची नोंद करतांना इतकें केलें तरी पुष्कळ तंटे कचेरीपर्यंत जाणार नाहींत. निरनिराळ्या तालुक्यांत शिंगांच्या वळणांस जे शब्द रूढ आहेत ते वाचकांनीं आपापल्या गांवच्या जाणत्या मंडळींस विचारून लिहून ठेवावे, अशी आमची शेवटची विनंति आहे.